लांब पल्ल्याची क्रूझ आपल्याला झेपेल का? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपची दोन-चार रात्रींची क्रूझ आता कोल्हापुरात नवलाईची राहिलेली नाही. अलीकडे चौकशी येते ती वेगळ्याच सफरींची. बार्सिलोनाहून मायामी, साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसहून हवाई. म्हणजे सलग पाच, सहा, कधी आठ दिवस चारी बाजूंना नुसतं पाणी. माहितीपत्रकात बंदरांचे फोटो असतात, मधल्या दिवसांचे नसतात. अशा सहलींची आखणी करून देताना समोरच्या खुर्चीतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कुठलं जहाज चांगलं हा प्रश्न आम्ही सगळ्यात शेवटी घेतो. रिकामा दिवस तुम्हाला आवडतो की खायला उठतो, ते आधी बघू.

‘सी डे’ म्हणजे नेमकं काय?

ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, तो सी डे. उतरायचं नाही, बघायला जायचं नाही, गाइड नाही. मोठी जहाजं साधारण १८ ते २२ नॉट वेगाने चालतात. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर. वेग फारसा वाटत नाही, पण जहाज रात्रीही चालतं, त्यामुळे चोवीस तासांत जवळपास ८९० किलोमीटर कापलं जातं. कोल्हापूर-मुंबई जाऊन-येऊन वर आणखी शंभरेक किलोमीटर. तरीही सकाळी उठून बाहेर बघितलं तर कालचंच दृश्य दिसतं.

असे दिवस जास्त असतात त्या सफरी कोणत्या?

सगळ्यात जास्त विचारली जाते ती अटलांटिक ओलांडणारी. हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये फिरणारी जहाजं उन्हाळ्यासाठी युरोपात न्यावी लागतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये ती पूर्वेकडे निघतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परत पश्चिमेकडे. कंपनीला जहाज न्यायचंच असतं, रिकामं नेण्यापेक्षा प्रवासी घेतलेले बरे, म्हणून दिवसाच्या हिशेबाने या सफरी स्वस्त पडतात. साधारण १२ ते १६ रात्री, त्यात सहा ते आठ दिवस सलग समुद्रात. मध्ये फार तर अझोर्स बेटांवरचं पोंता देल्गादा, मदेइरा बेटावरचं फुंशाल किंवा कॅनरी बेटं लागतात.

‘क्वीन मेरी २’ हे जहाज २००४ पासून साउथॅम्प्टन-न्यूयॉर्क फेऱ्या करतं. सहसा सात रात्री, आणि बहुतेक वेळा मध्ये एकही बंदर नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून हवाईला जायला चार-पाच दिवस आणि यायला तेवढेच. जगप्रदक्षिणेच्या सफरी शंभर रात्रींच्या पुढे जातात, पण त्यांचा एखादा तुकडाही विकत मिळतो.

आपल्या बाजूचं एक ध्यानात ठेवा. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीपासून जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा कित्येक क्रूझ कंपन्यांनी सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला. त्या वळशात बंदरं गळतात आणि सी डे वाढतात. आशिया आणि युरोप जोडणारी सफर घेत असाल तर मार्ग कधीही बदलू शकतो हे धरून चाला.

एवढे दिवस माणसाने करायचं काय?

प्रश्न रास्त आहे. रोज रात्री केबिनमध्ये किंवा मोबाइल अ‍ॅपवर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो. व्याख्यानं, नाचाचे वर्ग, पत्ते आणि ब्रिज, प्रश्नमंजूषा, दुपारचा चहा, संध्याकाळी नाटक-गाणी. ‘क्वीन मेरी २’ वर मोठं ग्रंथालय आहे आणि चक्क तारांगण आहे. जिम, पोहण्याचा तलाव बहुतेक सगळीकडे असतो. (समुद्र खवळला की तलावावर जाळी टाकतात. पाणी एका बाजूला उसळताना बघण्यासारखं असतं, पोहण्यासारखं नसतं.)

कार्यक्रमांची यादी वाचून लोक निर्धास्त होतात, आणि तिथेच फसगत होते. पहिले दोन दिवस सगळं नवं असतं. तिसऱ्या दिवशी कळतं की प्रश्नमंजूषेतले निम्मे प्रश्न अमेरिकी टीव्ही मालिकांवर आहेत, नाचाच्या वर्गाला तेच तेच लोक येतात आणि व्याख्यान इंग्रजीत तासभर चालतं. इंग्रजी कानाला सरावाचं नसेल तर निम्मा कार्यक्रम वाया जातो. हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण विकणारा सांगत नाही.

ज्यांना हे दिवस मानवतात त्यांचं निरीक्षण केलं तर एक गोष्ट दिसते. ती माणसं जहाजाच्या कार्यक्रमावर अवलंबून नसतात. त्यांनी सोबत स्वतःचं काहीतरी नेलेलं असतं. साठवलेली पुस्तकं, विणकाम, राहून गेलेलं लिखाण, रियाज, चित्रांची वही. पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाणारे आणि त्यातच खूश असणारे लोक डेकवरच्या फेऱ्यांतही रमतात. गप्पिष्टांचंही बरं चालतं. जेवणाच्या मोठ्या टेबलावर बसलात तर चार देशांची निवृत्त मंडळी भेटतात आणि सगळ्यांकडे वेळच वेळ असतो. मोडक्यातोडक्या इंग्रजीला तिथे कुणी हसत नाही.

मला जमेल की नाही, हे पैसे भरण्याआधी कसं ओळखायचं?

बरेच जण म्हणतात, आधी मुंबई-गोवा करून बघतो. जरूर करा. पोटाला समुद्र सोसतो का, छोट्या केबिनमध्ये झोप लागते का, गर्दीत जेवायला आवडतं का, हे तीन रात्रींत कळतं. पण कंटाळ्याची परीक्षा त्यात होत नाही. छोटी क्रूझ म्हणजे चालतं-बोलतं लग्नघर. डीजे, पार्टी, पोरांचा दंगा, आणि कंटाळा यायच्या आत उतरायची वेळ.

कंटाळ्याची परीक्षा घरीच होते. जुलैतला एखादा धो धो पावसाचा शनिवार-रविवार घ्या. गाडीची किल्ली बाजूला ठेवा. मॉल नाही, पाहुणे नाहीत, महाद्वार रोडला चक्कर नाही, मोबाइल दिवसातून अर्धा तास. रविवारी संध्याकाळी तुमची मनःस्थिती कशी आहे ते बघा. ‘बरं वाटलं, अजून एक दिवस असता तर’ असं म्हणालात तर पुढे बोलू. शनिवारी दुपारी तीनलाच कुणावर तरी चिडलात, तर तुमच्यासाठी रोज नवं बंदर असणारी भूमध्य समुद्राची किंवा सिंगापूरहून निघणारी छोटी क्रूझ जास्त योग्य.

आणखी एक खूण. सहलीहून आल्यावर तुम्ही काय सांगता? ‘सात दिवसांत अकरा ठिकाणं केली’ असं अभिमानाने सांगणारा माणूस सी डेवर दुःखी होतो. त्यात काही गैर नाही, पण त्याने हे पैसे दुसऱ्या सहलीवर घालावेत. एका दिवसात नरसोबाची वाडी, खिद्रापूर आणि जोतिबा उरकणाऱ्यांनी तर विचारच करू नये.

मला आंबा घाटातही गाडी लागते. मग बोट लागणारच ना?

शक्यता जास्त, पण ठरलेलं नाही. घाटात वळणं झटपट येतात. मोठं जहाज संथ झुलतं. डोळ्यांना खोली स्थिर दिसते आणि आतल्या कानाला हालचाल कळते, या दोघांचं जुळलं नाही की मळमळतं. म्हणून डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत राहिलं की बरं वाटतं आणि केबिनमध्ये मोबाइल बघत पडलं की वाढतं. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. लांब सफरीचा हा एक फायदाच, छोट्या क्रूझमध्ये सराव होईपर्यंत गोवा आलेलं असतं.

जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात. नाक वर-खाली होणं मात्र त्यांना फारसं आवरत नाही. म्हणून केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यावर घ्यावी, तिथे हालचाल सगळ्यात कमी. पोट रिकामं ठेवू नये. कोरडी बिस्किटं, आलं, हिरवं सफरचंद असं थोडं थोडं खावं. अ‍ॅव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग कमी, आधी घ्यावी लागते, आणि तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाताना होडीत त्रास झाला, यावरून निष्कर्ष काढू नका. ती होडी आणि तीनशे मीटर लांबीचं जहाज यांची तुलनाच नाही.

एप्रिल-मे चांगलं की ऑक्टोबर-नोव्हेंबर?

यात शाळेच्या सुट्टीपेक्षा घड्याळ महत्त्वाचं आहे, आणि ते फार थोडे लोक विचारतात.

पश्चिमेकडे जाताना, म्हणजे युरोपहून अमेरिकेला, बऱ्याच रात्री घड्याळ एक तास मागे जातं. दिवस पंचवीस तासांचा होतो आणि झोप वाढते. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क पाच तासांचा फरक आहे, तो असा हप्त्याहप्त्याने मिळतो. पूर्वेकडे येताना तेच तास एकेक करून कापले जातात. वयस्कर माणसाला सलग काही दिवस तेवीस तासांचे म्हणजे रोजची थोडी झोपमोड. पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही पश्चिमेकडची दिशा सुचवतो.

अडचण एवढीच की ती सफर नेमकी दिवाळीच्या आसपास येते. काहींना ते चालतं. काहींना लक्ष्मीपूजनाला घरात दिवा नाही ही कल्पनाच सहन होत नाही, आणि केबिनमध्ये निरांजन, उदबत्ती, मेणबत्ती काहीही पेटवायला बंदी असते. बॅटरीवरची पणती चालते. उलट एप्रिल-मेमध्ये गेलात तर घरच्या हापूसला मुकाल. ठरवा काय ते.

हवामानाचं म्हणाल तर अटलांटिकमधला चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात, जोर सप्टेंबरमध्ये असतो. ऑक्टोबरअखेर उत्तर अटलांटिक थंड आणि खवळलेला असू शकतो. कॅनरी बेटांवरून कॅरिबियनकडे जाणारा दक्षिणेचा मार्ग त्या मानाने उबदार, वारा पाठीमागून येणारा. १४९२ मध्ये कोलंबस याच बाजूने गेला. ६ सप्टेंबरला कॅनरी बेटं सोडली आणि १२ ऑक्टोबरला जमीन दिसली. त्याच्या खलाशांना सी डे आवडले होते असं दिसत नाही.

बाल्कनीची केबिन घ्यावीच का?

दक्षिणेच्या उबदार मार्गावर पैसे वसूल होतात. उत्तर अटलांटिकवर वारा इतका असतो की बाल्कनीचं दार उघडून पाच मिनिटांत बंद करता. तिथे मध्यावरची खिडकीवाली केबिन पुरते. बिनखिडकीची आतली केबिन सगळ्यात स्वस्त, साधारण दीडशे ते पावणेदोनशे चौरस फूट. तिथे दुपार आणि मध्यरात्र सारखीच वाटते. झोपाळू माणसाला ते सुख आहे. ज्याला बंद खोलीत घुसमटतं त्याने दोन आठवडे तिथे काढू नयेत, स्वस्त असली तरी. नकाशात डोक्यावर स्विमिंग डेक किंवा पायाखाली नाट्यगृह असलेली केबिन टाळा. पहाटे खुर्च्या सरकवण्याचा आवाज थेट उशाशी येतो.

दोन आठवडे तांबडा-पांढरा नाही, मिसळ नाही. कसं काढायचं?

हे हसण्यावारी नेऊ नका. आठव्या-नवव्या दिवशी कोल्हापुरी जीभ बंड करते. जेवण भरपूर असतं, पण मसाला नावाला. शाकाहारी माणसाला उपाशी राहावं लागत नाही. बहुतेक मोठ्या जहाजांवर एखादा भारतीय पदार्थ असतो, आणि पहिल्याच दिवशी डायनिंग रूमच्या मुख्य वेटरला सांगून ठेवलं तर आदल्या रात्री ऑर्डर घेऊन डाळ-भाजी करून देतात. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. कर्मचाऱ्यांत गोव्याची, कोकणातली मुलं बरीच असतात. मराठीत हाक मारून बघा, पुढचं आपोआप होतं.

बुफेवर गोमांस आणि डुकराचं मांस असतं, पाट्या वाचून वाढून घ्या. चमचे इकडचे तिकडे होतात, त्यामुळे ज्यांना हे अजिबात चालत नाही त्यांनी टेबलावर वाढणाऱ्या डायनिंग रूममध्येच जेवावं. उपवासाला फळं, दूध, दही, बटाटा मिळतो. साबुदाणा विसरा.

घरून न्यायचं तर कारखान्यात सीलबंद केलेलंच. भडंग, शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट चालून जातं. घरी केलेलं जेवण बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत. इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन सापडलं की जप्त होतं आणि उतरताना परत मिळतं. उरलेलं खाणं घेऊन अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमध्ये उतरू नका, जाहीर न केल्यास दंड होतो.

आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत. पाठवावं का?

बसमधून रोज सामान चढव-उतरव करण्यापेक्षा जहाज सोपं. एकदा बॅग उघडली की संपलं. पण गुडघे दुखत असतील तर जहाजाची लांबी लक्षात घ्या, ‘क्वीन मेरी २’ ३४५ मीटर लांब आहे. केबिन लिफ्टजवळ मागा. बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो, रात्री त्यात पाय अडकतो. आणि संडासात जेट स्प्रे नसतो. प्लास्टिकचा मग सोबत न्या. हे कुणी विचारत नाही, पण पहिल्या सकाळी सगळ्यांना आठवतं.

खरा विचार प्रकृतीचा करायचा. जहाजावर डॉक्टर, नर्स आणि छोटा दवाखाना असतो. ताप, जखम, हृदयविकाराचा प्राथमिक उपचार होतो. मोठी शस्त्रक्रिया होत नाही. अटलांटिकच्या मधोमध हेलिकॉप्टर पोहोचत नाही, जहाजाला जवळच्या बंदराकडे वळावं लागतं आणि त्यात एक-दोन दिवस जाऊ शकतात. म्हणून नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली, डायलिसिसवर असलेली, वरचेवर दम लागणारी माणसं अशा सफरीला नकोत, मुलांचा कितीही आग्रह असला तरी. उपचाराचं बिल डॉलरमध्ये तुमच्या खात्यावर चढतं. आपली इथली मेडिक्लेम तिथे सहसा चालत नाही. क्रूझ आणि आपत्कालीन हलवणूक दोन्ही धरणारा प्रवासविमा घ्या आणि जुने आजार त्यात लपवू नका.

औषधं पूर्ण दिवसांची, वर दहा दिवसांची जास्त, आणि हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा बंदरावर ताब्यात घेतात, त्या केबिनपर्यंत यायला काही तास लागतात.

लहान मुलं किंवा गरोदर सून सोबत असेल तर?

प्रवासाच्या कुठल्याही टप्प्यावर २४ आठवडे पूर्ण होत असतील तर कंपन्या चढू देत नाहीत. सलग तीन किंवा जास्त सी डे असतील तर काही कंपन्या एक वर्षाच्या आतलं बाळही घेत नाहीत. शाळकरी मुलांसाठी क्लब असतो, पण अटलांटिकच्या सफरीत मुलं फारच कमी असतात आणि आपलं पोर एकटं पडतं.

मला हौस आहे, यांना नाही. ओढून न्यावं का?

नाही.

तरीही न्यायचंच असेल तर आठ दिवसांत तोंड फिरवायला दुसरी खोली नाही, एवढं लक्षात घ्या. ज्या जोडप्यांचं घरी छान चालतं त्यातले बरेच जण दिवसभर एकमेकांसमोर नसतात, म्हणून चालतं. जहाजावरही तसंच करा. सकाळ स्वतंत्र, दुपारचं जेवण एकत्र. एकट्याने जायचं तर केबिन दोघांच्या हिशेबाने विकली जाते, त्यामुळे बहुतेक वेळा जवळपास दुप्पट मोजावे लागतात.

मित्रमंडळींचा ग्रुप चार-सहा जणांचा असावा. वीस-पंचवीस झाले की अख्खा कट्टा तसाच जहाजावर जातो, बाहेरच्या कुणाशी बोलणं होत नाही, आणि चौथ्या दिवशी कोण कुणाच्या टेबलावर बसलं यावरून रुसवेफुगवे सुरू होतात.

इंटरनेट चालतं का? दुकानाचे फोन घ्यावे लागतात.

बऱ्याच जहाजांवर आता स्टारलिंकचं उपग्रहावरून मिळणारं इंटरनेट आल्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप आणि व्हिडिओ कॉल होतात, पण पॅकेज वेगळं विकत घ्यावं लागतं. फोन निघाल्याबरोबर एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं मोबाइल नेटवर्क चुकून लागलं तर बिल बघून घाम फुटेल. आणि भारतातली सकाळ म्हणजे तिथली मध्यरात्र. रोज दुकान चालवायचं असेल तर जाऊच नका.

कपडे आणि चपला?

काही संध्याकाळी ठेवणीतला पोशाख लागतो. कोट नसला तर बंदगळा चालतो, साडीला तर तोडच नाही. कोल्हापुरी चप्पल जेवणाच्या हॉलपर्यंत ठीक. ओल्या डेकवर ती घसरते आणि खाऱ्या पाण्याने तिची वाट लागते, रबरी तळव्याचे बूट न्या.

टायटॅनिकसारखं काही झालं तर?

१९१२ च्या त्या अपघातानंतरच १९१४ मध्ये समुद्रातल्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि हिमनगांवर नजर ठेवणारी गस्तही त्याच वर्षी सुरू झाली. आज प्रत्येकाला जहाज सुटण्याआधी आपत्कालीन सराव सक्तीचा आहे. तो चुकवू नका. त्यापेक्षा खरी भीती पोटाच्या साथीची. नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही, साबणाने हात धुवा.

जाहिरातीतल्या भाड्यात सगळं येतं का?

केबिन, मुख्य जेवण, करमणूक येते. दारू, इंटरनेट, कपडे धुणं, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. टिप म्हणून दरमाणशी दर दिवशी साधारण १५ ते २० डॉलर खात्यावर आपोआप चढतात. दोघांचे १४ रात्रींचे सव्वाचारशे ते साडेपाचशे डॉलर इथेच झाले. शिवाय जहाज एका खंडात सुटतं आणि दुसऱ्यात सोडतं, त्यामुळे विमानाची जाण्याची आणि येण्याची शहरं वेगळी असतात, ती तिकिटं महाग पडू शकतात. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकतानाच गोळा केला जाणारा कर, कापतात. तो आयकर विवरणपत्रात दाखवून वळता करता येतो, पण सुरुवातीला खिशातून जातो.

जहाज सुटण्याच्या किमान आदल्या दिवशी त्या शहरात पोहोचा. कोल्हापूर-मुंबई, मुंबई-युरोप अशा दोन टप्प्यांत कुठेही उशीर झाला तरी जहाज थांबत नाही, आणि पुढचं बंदर आठ दिवसांवर असतं.

बुकिंग आणि व्हिसा, आधी काय?

बार्सिलोनासारख्या बंदरातून अमेरिकेला जाणाऱ्या अटलांटिक सफरीला शेंगेन (युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून एक) आणि अमेरिका असे दोन व्हिसा लागतात. साउथॅम्प्टनहून निघणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा, तिथे शेंगेन चालत नाही. सफर मध्येच शेंगेनबाहेर जाऊन परत येत असेल, समजा मोरोक्कोला, तर शेंगेन अनेक प्रवेशांचा हवा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. अमेरिकेच्या मुलाखतीची मुंबईतली तारीख कधी लवकर मिळते, कधी कित्येक महिने मिळत नाही. आणि क्रूझ कंपन्या पूर्ण रक्कम साधारण अडीच-तीन महिने आधी मागतात, काही त्याहूनही आधी. त्या तारखेनंतर रद्द केलं तर कापलेली रक्कम दर आठवड्याला वाढत जाते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी अमेरिकेचा व्हिसा, मग परत मिळणाऱ्या अनामतीवर केबिन, मग शेंगेन. पूर्ण रक्कम भरायच्या तारखेपर्यंत दोन्ही व्हिसा पासपोर्टवर आले नसतील, तर केबिन सोडून द्या आणि पुढच्या मोसमाची घ्या.